14 गाण्यांचा जमाखर्च

रेगो पार्क, न्यूयॉर्क
रविवार

चि. ओंकारला ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू काळा टी-शर्ट घालून बसला होतास. मधोमध गरुड, त्याच्याभोवती गोलात नावं, वर ठळक अक्षरांत रॅमोन्स. हे कोण रे, म्हणून विचारलं तर म्हणालास, "कसला तरी ब्रँड आहे गं, फॅशन स्ट्रीटला अडीचशेला मिळाला." तेवढ्यात आईने फोन हिसकावला, गाडी कोथिंबिरीच्या भावावर गेली आणि विषय राहिला तो राहिलाच. म्हणून आज सविस्तर लिहिते. फोनवर तू दोन मिनिटांच्या वर ऐकून घेत नाहीस. या मंडळींची गाणीही दोन-दोन मिनिटांचीच आहेत, तेव्हा तुमचं जमायला हरकत नाही.

अरे, तो बँड आहे. चार पोरांचा. आणि ही पोरं मी राहते तिथून चालत जाता येईल अशा फॉरेस्ट हिल्समधली. तिथल्या हायस्कूलसमोरच्या रस्त्याला 2016 साली 'रॅमोन्स वे' असं नाव दिलंय. शाळेत असताना यांच्याकडे बघून कुणी रस्ता सोडा, बाकाला तरी यांचं नाव दिलं असतं असं वाटत नाही.

चौघांची आडनावं एकच, म्हणून लोक भाऊ समजायचे. नात्यागोत्याचा संबंध काही नाही. गाणारा जोई म्हणजे जेफ्री हायमन, गिटारवाला जॉनी म्हणजे जॉन कमिंग्ज, बेसवाला डी डी म्हणजे डग्लस कॉल्विन आणि ड्रमवाला टॉमी म्हणजे तमाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी सुरुवातीच्या दिवसांत काही काळ स्वतःला पॉल रॅमोन म्हणवून घ्यायचा. डी डीने ते उचललं, मग बाकीच्यांनीही लावलं. जॉनीची गंमत वेगळीच. 1965 साली इथे क्वीन्समध्ये शे स्टेडियमवर बीटल्स आले, तेव्हा हा त्यांना मारायला पिशवीत दगड घेऊन गेला होता. पुढे त्याच बीटल्सकडून आलेलं नाव आयुष्यभर लावून फिरला.

मला हे सगळं कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. शाळेतल्या ग्रंथालयातून रिटायर झाल्यात, एकट्या राहतात. त्यांचा टॅक्स रिटर्न मी भरून देते. पैसे घेत नाही म्हटल्यावर त्या काही ना काही हातावर ठेवतात, कधी केक, कधी पुस्तक. या मार्चमध्ये कागद आवरून झाल्यावर म्हणाल्या, बस, तुला काहीतरी ऐकवते. कपाटातून एक रेकॉर्ड काढली. काळं-पांढरं कव्हर, विटांची भिंत, भिंतीला टेकून चार जण, लेदर जॅकेट, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. रॅमोन्सची पहिली रेकॉर्ड, नावही नुसतंच 'रॅमोन्स'. सायर कंपनीने 23 एप्रिल 1976 ला काढलेली.

एक बाजू संपली तेव्हा माझं प्रामाणिक मत असं होतं की एकच गाणं सात वेळा वाजलं. गिरणीत दळण पडावं तशी ती गिटार, चालू झाली की बंद होईपर्यंत एका लयीत घरघरतेय. मध्ये थांबून कुणी आपली कला दाखवत नाही, वळणं नाहीत, मुरक्या नाहीत. बाईंच्या हे लक्षात आलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत. सुई परत सुरुवातीला ठेवली आणि अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं.

गिटार गायब! नुसता बेस, मध्ये ड्रम आणि आवाज. मग बटण पूर्ण उजवीकडे. बेस गायब, गिटार एकटी. तू आत्ता इअरफोन लावून बघ. आधी उजवा कान काढ, मग डावा. डाव्या कानात डी डी, उजव्या कानात जॉनी, दोघांच्या मध्ये टॉमी आणि जोई. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्ड अशा दोन टोकांना वाटून केलेल्या असायच्या. 1976 साली ती पद्धत जुनाट झाली होती, तरी यांनी मुद्दाम ती वापरली. क्रेग लिऑन हा निर्माता. टॉमी स्वतः स्टुडिओत काम केलेला, जिमी हेन्ड्रिक्सच्या रेकॉर्डिंगला सहायक म्हणून बसलेला. म्हणजे 'वाजवता येत नाही म्हणून असं वाजवलं' हे जे म्हणतात ना, ते टिकत नाही. इथे कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरवलंय.

गिटार एकटी ऐकलीस की आणखी एक गोष्ट कळेल. जॉनीचा हात फक्त खाली येतो. वर जाताना तार छेडतच नाही. खाली, खाली, खाली, तेही या वेगात. तुझी गिटार काढ आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबून, म्हणजे बॅरे कॉर्ड धरून, दोन मिनिटं असं वाजवून बघ. मनगटाने तक्रार केली की मला कळव. आणि हा माणूस स्टेजवर असं सलग तासभर वाजवायचा, एका गाण्याचा शेवटचा ठोका पडतो न पडतो तोच डी डी "वन टू थ्री फोर" ओरडायचा की पुढचं चालू. वाद्य म्हणशील तर 1974 साली पन्नासेक डॉलरला आणलेली मोसराइट कंपनीची गिटार.

आता माझ्या धंद्याचं, म्हणजे हिशेबाचं, सांगते, कारण मला खरी गोडी लागली ती इथे. रेकॉर्डिंगचा खर्च 6,400 डॉलर. फेब्रुवारी 1976, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या वरचा प्लाझा साउंड स्टुडिओ. सात दिवसांत काम खलास. वाद्यं तीन दिवसांत, गाणं चार दिवसांत. त्या काळातले मोठे बँड एका रेकॉर्डवर महिनोन् महिने घालवायचे, एकेका बाजूला दोन-तीनच लांबलचक गाणी, त्यात दहा-दहा मिनिटांचे सोलो. यांची 14 गाणी, एकूण 29 मिनिटं. सगळ्यात मोठं गाणं अडीच मिनिटांच्या जरा वर, सगळ्यात छोटं दीड मिनिटाचं. त्या दीड मिनिटाच्या गाण्यात जोई स्वतःच जाहीर करतो की दुसरं कडवं पहिल्यासारखंच आहे. मी ते ऐकून मोठ्याने हसले. कडवं तेच आहे तर तेच आहे, उगाच नवीन का लिहा?

पण काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे बाबा दुकानात आपल्याला किती वेळा सांगायचे. नीट ऐकलं की सापडतं, जिथे हवं तिथे यांनी हात आखडलेला नाही. एक प्रेमाचं गाणं आहे, अगदी साधं, लाजरं. त्यात मागे बारा तारांची गिटार आहे आणि बारीक घंटांसारखा किणकिणाट आहे. एक गाणं खऱ्याखुऱ्या करवतीच्या आवाजाने सुरू होतं. आणि एका जुन्या नाचाच्या गाण्यात चक्क खालच्या रेडिओ सिटीचा प्रचंड वुर्लिट्झर ऑर्गन वाजतो. स्टुडिओच्या खालीच होता, मग वापरला! बाकीच्या ठिकाणी मात्र ज्याच्याविना गाणं उभं राहतं ते सगळं काढून टाकलंय. हे काढून टाकणं सोपं नसतं रे. माझ्याकडे लोक पिशव्या भरभरून पावत्या आणतात, त्यातली कुठली नको हे ठरवण्यातच माझा अर्धा दिवस जातो.

कव्हरचीही गोष्ट पैशाचीच. कंपनीने आधी 2,000 डॉलर खर्चून बीटल्सच्या एका कव्हरच्या धर्तीवर फोटो काढून घेतले, ते कुणालाच पसंत पडले नाहीत. मग रॉबर्टा बेली नावाच्या फोटोग्राफरने याच तऱ्हेच्या संगीतावरच्या 'पंक' मासिकासाठी काढलेला एक फोटो 125 डॉलरला घेतला. तोच आज जगभर दिसतो. नीट बघितलास तर त्यात टॉमी चवड्यांवर उभा आहे आणि जोई पोक काढून, कारण जोई साडेसहा फूट उंच आणि टॉमी आपल्या बंटीकाकाएवढा. जॉनीने हळूच मधलं बोट बाहेर काढलंय. आईला दाखवताना तेवढ्यावर अंगठा ठेव.

ती भिंत बघून आले. मॅनहॅटनमध्ये बावरी नावाच्या रस्त्याजवळ, ईस्ट सेकंड स्ट्रीटला आल्बर्ट्स गार्डन म्हणून एक छोटीशी बाग आहे, तिथली. बाग छान ठेवलीय, झाडं आहेत, बाकं आहेत. कोपऱ्यावर 'जोई रॅमोन प्लेस' अशी पाटी आहे, 2003 सालापासून. ती इतक्या वेळा चोरीला गेली की आता खूप उंचावर लावलीय. तिथून चार पावलांवर 315 बावरी. इथे सीबीजीबी नावाचा बार होता, हिली क्रिस्टल या गृहस्थाने 1973 च्या डिसेंबरात सुरू केलेला. ही आद्याक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. बिचाऱ्याला तिथे गावाकडचं संगीत लावायचं होतं! आणि 16 ऑगस्ट 1974 ला हे चौघे तिथे स्टेजवर चढले. सुरुवातीला यांचा अख्खा कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत आटपायचा, त्यातही मध्येच कुठलं गाणं घ्यायचं यावरून स्टेजवर भांडणं.

ते न्यूयॉर्क आज दिसत नाही. 1975 साली हे शहर दिवाळखोरीच्या दारात होतं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारली तेव्हा 'डेली न्यूज'ने पहिल्या पानावर मथळा दिला, त्याचा भावार्थ असा की फोर्डसाहेब शहराला म्हणतायत, मरा तिकडे. बावरी म्हणजे दारूडे आणि बेघर यांची वस्ती. कुणाला नको असलेली जागा, म्हणून भाडं कमी, म्हणून असले बँड तिथे वाजवू शकले. 2006 साली सीबीजीबी बंद पडलं, भाड्याच्याच भांडणातून. पुढे त्या जागेत पुरुषांच्या महागड्या कपड्यांचं दुकान आलं. लेदर जॅकेटची किंमत बघून मी काचेपासून दोन पावलं मागे सरकले.

सगळंच मला आवडतं असं समजू नकोस. शेवटच्या गाण्यात नाझी पोराच्या तोंडची भाषा आहे. कंपनीचा मालक सिमोर स्टाइन ज्यू, त्याने हरकत घेतल्यावर एक ओळ बदलली, पण व्हायचा तो अर्थ होतोच. डी डीचं लहानपण जर्मनीत गेलं, वडील अमेरिकन सैन्यात, आई जर्मन, त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तूंचं वेड. गाणारा जोई ज्यू, आणि टॉमीच्या तर घरातली माणसं नाझींच्या छळात गेलेली. म्हणजे हा त्यांचा आपापसातला काळा विनोद होता, त्यांना तो करायचा हक्कही असेल. पण मी ज्या भागात राहते तिथे बाजारहाट करताना काठी टेकत चाललेल्या आज्या दिसतात, त्यातल्या काहींनी युरोपात काय पाहिलं असेल सांगता येत नाही. मी ते गाणं येण्याआधी बंद करते. आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र करिअरच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं आणि कुणाला काही वाटत नाही, म्हणून हे तुला मुद्दाम सांगितलं.

गोंद हुंगण्यावरचं एक गाणं आहे. आपल्या सांगली स्टेशनवरच्या पोरांच्या हातात रुमाल असतो ना, तेच. डी डी म्हणायचा की आमची सगळी गाणी 'मला हे नको, मला ते नको' अशी, मला हवं असं म्हणणारं पहिलं गाणं हे. विनोद म्हणून ठीक. तो स्वतः 2002 मध्ये हेरॉइनने गेला. आणि एक त्रेपन्नाव्या रस्त्याच्या नाक्यावरचं गाणं आहे, त्याचेच अनुभव म्हणतात, ते आईबाबांसमोर लावू नकोस. अर्थ विचारला तर सांगता येणार नाही तुला.

टी-शर्टवरचा गरुड आता तुझ्याच छातीवर आहे तर बघून घे. हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शिक्क्यावरून घेतलाय. आर्तुरो वेगा नावाच्या मेक्सिकोत जन्मलेल्या चित्रकाराने तो बनवला. खऱ्या शिक्क्यात एका पंजात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात बाण असतात. इथे सफरचंदाची फांदी आणि बेसबॉलची बॅट, कारण जॉनी बेसबॉलवेडा. आता भोवतालची नावं वाच. जॉनी, जोई, डी डी आणि चौथं टॉमी आहे का मार्की? टॉमीने 1978 मध्ये ड्रम सोडले, मार्की आला. आणि वेगळंच काही छापलं असेल, स्पेलिंग चुकलेलं असेल, तर फोटो काढून पाठव, वरच्या बाईंना दाखवायचाय. या लोकांनी रेकॉर्डपेक्षा टी-शर्टवर जास्त कमावलं असं म्हणतात, पण तुझ्या अडीचशेतला एक पैसाही तिकडे गेला नसणार.

कमाईचं विचारशील तर ही रेकॉर्ड अमेरिकेतल्या खपाच्या यादीत 111 व्या नंबराच्या वर चढली नाही. पाच लाख खपल्याचं गोल्डचं प्रमाणपत्र मिळालं 30 एप्रिल 2014 ला. हिशेब कर, 38 वर्षं. जोई 2001 मध्ये गेला, डी डी 2002, जॉनी 2004. तो कागद आला तेव्हा चौघांतला एकटा टॉमी होता. तोही त्याच वर्षी 11 जुलैला, इथेच क्वीन्समध्ये रिजवुडला घरी गेला. आज मात्र यांच्या पहिल्या गाण्यातली आरोळी बेसबॉलच्या मैदानांवर दणकते आणि टोपी घातलेली आजोबा-नातवंडं मुठी उडवतात. त्यातल्या कितींना ठाऊक असेल कोणाची आहे ती.

परिणाम दिसला तो आधी इंग्लंडात. 4 जुलै 1976, अमेरिकेचा दोनशेवा वाढदिवस, आणि हे लंडनला राउंडहाउसमध्ये वाजवत होते. दुसऱ्या दिवशी डिंगवॉल्स या क्लबमध्ये कार्यक्रम, तिथे क्लॅश, सेक्स पिस्टल्स या तिथल्या नव्या बँडांची पोरं आलेली. क्लॅशवाल्यांना अजून आपण तयार नाही असं वाटत होतं. जॉनीने त्यांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की आमचं ऐकून तर बघा, आम्हीही काही धड वाजवत नाही, थांबू नका. तू गेली दोन गणपती 'पुढच्या वर्षी मंडळात वाजवतो' म्हणतोयस म्हणून फक्त आठवलं.

जॉनीबद्दल अजून एक, बाबांना वाचून दाखव. तो प्रत्येक कार्यक्रमाची नोंद वहीत करायचा. कुठे वाजवलं, किती माणसं होती, किती पैसे मिळाले. एकूण कार्यक्रम झाले 2,263, शेवटचा 6 ऑगस्ट 1996 ला लॉस एंजेलिसमध्ये. यातली कित्येक वर्षं तो आणि जोई एकाच गाडीतून फिरत, पण एकमेकांशी बोलत नसत. एक तर राजकारण, जोई डाव्या विचारांचा, जॉनी कट्टर रिपब्लिकन. दुसरं म्हणजे जोईच्या मैत्रिणीने पुढे जॉनीशी लग्न केलं. तरी गाडी चुकवली नाही कुणी. माणूस म्हणून जॉनी हेकट आणि फटकळ, त्याच्या बरोबर काम करायला मला आवडलं नसतं. पण कीर्द रोजच्या रोज लिहिणाऱ्याबद्दल बाबांचं मत वाईट होणार नाही.

सलग ऐक, मध्ये गाणं बदलू नकोस, अर्ध्या तासाच्या आत संपतं. आवडलं तर 1977 चं 'रॉकेट टू रशिया' लाव. खरं सांगायचं तर ते मला जास्त सफाईदार वाटतं, गाणीही जास्त गोड आहेत. वरच्या बाईंना हे पटत नाही, त्यावरून आमचा वाद चालू आहे.

बाकी इकडे सगळं ठीक. 15 एप्रिलपर्यंत टॅक्सची गडबड असते, त्यामुळे फोन उशिरा लागला तर आईने काळजी करू नये. मे महिन्यात जोशीकाकूंचा मुलगा इकडे येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि अर्धा किलो बेडगी मिरची पाठवा, पाकीट घट्ट बंद करून. बाबांची शुगर परत कधी तपासायची आहे ते कळव, तारीख लिहून कळव, "बघू" असं नको.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई